समासातली चित्रे

दिवाळीच्या सुटीत मास्तराच्या घरी दोन प्रकारची माणसे येतात. एक, ज्यांना फराळाचा डबा पोचवायचा असतो ती. आणि दुसरी, ज्यांना काहीतरी लिहून हवे असते ती. कोणाला अर्ज हवा असतो, कोणाला लग्नपत्रिकेचा मजकूर, तर कोणाला वडिलांच्या एकसष्टीनिमित्त चार गौरवाचे शब्द. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण मास्तरकी करता करता मी चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे गावाची अशी समजूत झाली आहे की याच्या घरी शब्दांची कणगी भरलेली आहे. कोणी पसाभर मागितले तर याला काय कमी पडणार?

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी जी आली ती या दोन्ही प्रकारांत बसणारी होती. एका हातात चकल्यांचा डबा आणि खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी. माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या वडिलांची एस. टी. स्टँडावर चहाची टपरी आहे. मुलगी मुंबईला चित्रकला शिकते, आणि तिथेही पुस्तकांतली, मासिकांतली चित्रे काढण्याचा विषय घेऊन शिकते, एवढे मला ऐकून ठाऊक होते.

डबा बायकोच्या हाती देऊन ती समोर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, दोन पानं लिहून द्याल का? तुमची भाषा चांगली आहे."

हकीकत अशी होती. तिचे हे शेवटचे वर्ष. शिक्षकांनी सांगितले होते की, पुढे आपण कोणत्या दिशेने काम करणार, कसली चित्रे काढणार आणि का, हे प्रत्येकाने दोन पानांत लिहून आणायचे. तिने स्वतः एकदा लिहिले होते. मी कागद हातात घेतला. त्यात तैलरंग होते, व्यक्तिचित्रण होते, मोठमोठ्या दालनांतली प्रदर्शने होती. आणि वाक्ये अशी की, कुठल्याशा समारंभाच्या भाषणातून उचलून आणावीत. फक्त पुस्तकाचे नाव कुठे नव्हते.

मी म्हटले, "अगं, तू तर पुस्तकांची चित्रं काढायला शिकतेस ना?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरीत म्हणाली, "शिकते हो. पण ते म्हणजे दुसऱ्यानं गोष्ट सांगायची आणि आपण तिच्यामागून चालायचं. वर्गातली मुलं त्याला हमाली म्हणतात. खरा चित्रकार आपलं स्वतःचं चित्र काढतो म्हणे. आणि बाबांचं म्हणणं, जिथं महिन्याला पगार मिळेल ते कर. मला काहीच सुचेनासं झालंय."

"त्या पिशवीत काय आहे?"

"काही नाही. असंच."

त्या 'असंच'मधून निघाल्या सात-आठ वह्या. एस. टी. स्टँडावरची माणसे! बोचक्यावर डोके ठेवून निजलेली म्हातारी, तिकिटांचे पैसे मोजणारा कंडक्टर, लेकराला पाठीशी बांधून उसाच्या तोडीला निघालेली बाई, परीक्षेला चाललेला आणि बसच्या फलाटावर उभ्याउभ्या पाठांतर करणारा पोरगा. वडिलांच्या टपरीच्या बाकावर बसून काढलेली चित्रे. मला चित्रकलेतले काही कळत नाही. लहानपणी एलिमेंटरीच्या परीक्षेत मी काढलेला तांब्या पाहून परीक्षकांना तो फुटबॉल वाटला असावा. पण माणसे मला कळतात. ती सगळी माणसे मी ओळखत होतो.

आणि तेव्हाच मला एक जुनी गोष्ट आठवून शरमल्यासारखे झाले. ही मुलगी सातवीत असताना तिच्या इतिहासाच्या वहीचे समास चित्रांनी भरलेले असत. धड्यात मोहिमेचे वर्णन आले की, समासात घोडे, छकडे, पाणी वाहणाऱ्या बायका, चूल मांडून बसलेले शिपाई. मी तिच्या वहीवर लाल शाईने शून्य दिले होते आणि खाली लिहिले होते, 'ही इतिहासाची वही आहे, चित्रांची नव्हे.' तिला ते आठवत होते की नाही कोण जाणे. मी काही विचारले नाही.

ते शून्य मी चुकीचे दिले होते, हे मला कळायला बरीच वर्षे लागली. आणि ज्यांनी ते कळवले ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वारले होते. तिला दोन पाने लिहून देण्याऐवजी मी त्यांचीच गोष्ट सांगितली. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनाही ती चालेल असे वाटते.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म 1867 सालचा, कोल्हापूरचा. 1890 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. त्या काळी तेवीस वर्षांचा माणूस म्हणजे घरचा कर्ता. त्याने बोरीबंदरासमोर येऊन रेघोट्या शिकायला बसायचे, हे धाडसच म्हटले पाहिजे. जमशेटजींनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 साली ही शाळा सुरू झाली, ती मुळात चित्रकार निर्माण करण्यासाठी नव्हेच. इथल्या कारागिरांचा हात सुधारावा, कुंभारकाम, नक्षीकाम, कोरीवकाम नीट व्हावे, असा तिचा हेतू. धुरंधर आले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम त्यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केले होते. समोरचे व्हिक्टोरिया टर्मिनस नुकतेच बांधून झाले होते आणि त्याच्या दगडांवरची पाने, फुले, पशुपक्षी यांच्या नक्षीकामात याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

शिकवण्याची पद्धत विलायती. ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे समोर मांडायचे आणि ते दिवसच्या दिवस बघून कागदावर उतरवायचे. छाया कुठे पडते, दंडाचा स्नायू कुठे वळतो, उभ्या माणसाचा भार कोणत्या पायावर येतो, हे हाताला कळेपर्यंत उतरवायचे. आता कोल्हापुरातून आलेल्या तरुणाला ग्रीक देवांशी काय कर्तव्य? पण या पुतळ्यांनी त्यांच्या हाताला जी शिस्त लावली, तिच्या बळावर त्यांनी पुढे आयुष्यभर गिरगावातल्या मोलकरणी आणि भुलेश्वरातले फेरीवाले काढले. शिकताना समोर कोण ठेवलेले असते, यावर माणसाची दिशा ठरत नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर तो कोणाकडे बघतो, यावर ती ठरते.

त्याच एका शाळेतून किती वाटा फुटल्या ते पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरचेच आबालाल रहिमान इथे शिकले आणि परत कोल्हापूरला गेले. कोटितीर्थाच्या काठावर पाणी, झाडे आणि उजेड रंगवीत राहिले. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला, पण बाजाराच्या वाटेला हा माणूस फारसा गेला नाही. 1931 साली ते वारले. धुंडिराज गोविंद फाळके 1885 साली याच शाळेत दाखल झाले होते. पुढे बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, छपाईचे ठोकळे असे सतरा धंदे करीत 1913 साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. चित्राला चालायला लावले! गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच 'मंदिरपथगामिनी' हा देवळाला निघालेल्या मराठी स्त्रीचा पुतळा घडवला आणि नाव कमावले. म्हणजे एक तळ्याकाठी बसला, एक सिनेमाच्या तंबूत शिरला, एक मातीत रमला. यांच्यापैकी कोणी वयाच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षी दोन पानांत आपली दिशा लिहिली असती, तर ती पुढे किती खरी ठरली असती?

धुरंधरांचे काय झाले? 1895 साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. चित्राचे इंग्रजी नाव होते, त्याचा अर्थ 'आलीस का, लक्ष्मी?' असा. देव नाही, राजा नाही. घरातलाच प्रसंग आणि घरातलाच प्रश्न. पदक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, 1896 साली, ते त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागले. इथे मी तिला मुद्दाम थांबवले.

"हे नीट ऐक. सुवर्णपदकाच्या मागोमाग मास्तरकी. तुझ्या बाबांचं पगाराचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही."

ती हसली. मी मात्र हसण्यावारी बोललो नव्हतो. धुरंधर 1931 साली निवृत्त होईपर्यंत त्या शाळेत राहिले. विद्यार्थी म्हणून आणि शिक्षक म्हणून मिळून एक्केचाळीस वर्षे. पुढे 1940 साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याच्या नावातच ही एक्केचाळीस वर्षे आहेत. निवृत्तीपूर्वी काही काळ शाळेच्या प्रमुखपदाची सूत्रेही त्यांच्याकडे आली. तो मान मिळालेले ते पहिले भारतीय. दिवसा वर्ग, आणि वर्ग सुटल्यावर आपले काम. मीही शाळेचे निकालपत्रक पुरे करून रात्री कादंबरीला बसतो, तेव्हा या व्यवस्थेची किंमत मला कळते. महिन्याच्या महिन्याला घरी दाणे येत असले म्हणजे आलेले प्रत्येक काम घ्यावे लागत नाही, आणि नको ते काम नाकारताना पोटात गोळा येत नाही.

पण त्यांनी आलेली कामे नाकारली असे मात्र दिसत नाही. उलट, इतक्या परींची कामे केली की आज ती एका ठिकाणी पाहताना मती गुंग होते. याचे कारण काळात आहे. चित्र भिंतीवरून उतरून घराघरांत जाऊ लागले होते, तो हा काळ. पुण्यात चित्रशाळा प्रेस 1878 साली निघाली होती आणि तिची शिळाप्रेसवर छापलेली रंगीत चित्रे लोक विकत घेत होते. 1894 च्या सुमारास राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि ज्या घराने तैलचित्र कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते त्या घरात लक्ष्मी, सरस्वती चौकटीत बसल्या. 1895 साली, म्हणजे धुरंधरांना पदक मिळाले त्याच वर्षी, का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिक काढले. आणि 1909 साली त्याच 'मनोरंजन'ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. आज आपल्या हातात हा अंक आहे, त्या घराण्याचा मूळ पुरुष तो.

छपाईची रीतही पालटत होती. पूर्वी पुस्तकात चित्र छापायचे म्हणजे चित्रकाराने काढायचे आणि कोरक्याने ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरायचे. छापून आलेल्या रेषेत निम्मा हात कोरक्याचा असे. मग छायाचित्राच्या साह्याने जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर ठोकळे करण्याची विद्या आली. रेषेचे चित्र असले तर त्याची रेष जशीच्या तशी उतरू लागली, आणि छायेचे असले तर बारीक बारीक टिपक्यांच्या जाळीतून त्याच्या फिक्या-गडद छटा उतरू लागल्या. चित्रकाराच्या मनगटाचा झटका वाचकाच्या डोळ्यांपर्यंत थेट पोचू लागला. भराभर आणि नेमकी रेष ओढणाऱ्या माणसाला हा काळ जणू बोलावीतच होता.

धुरंधरांनी पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे: नखरेल मोलकरीण, फेरीवाले, नाना जातींच्या नाना तऱ्हांच्या बायका. एवढेसे कार्ड, पाठीमागे पत्ता आणि चार ओळी, पुढे चित्र. एस. एम. एडवर्ड्स नावाचे इंग्रज अधिकारी होते. मुंबईचे पोलीस कमिशनर होते आणि मुंबई शहराचे गॅझेटियरही त्यांनी रचले होते. गॅझेटियरमध्ये लोकसंख्या, जकात, पाऊस, सगळे आकडे आहेत. पण याच गृहस्थांचे मुंबईच्या गल्ल्याबोळांवरचे पुस्तक 1912 साली निघाले, तेव्हा आकड्यांत न मावणारी मुंबई दाखवायला धुरंधरांचे कुंचले लागले. ऑटो रॉथफील्ड यांचे हिंदुस्थानातल्या स्त्रियांवरचे पुस्तक 1920 साली निघाले. त्यातली रंगीत चित्रे धुरंधरांची. हाजी महंमद अलारखिया यांनी 1916 साली 'वीसमी सदी' हे सचित्र गुजराती मासिक सुरू केले. त्यातही धुरंधर आहेत.

आणि मला स्वतःला सगळ्यांत गोड वाटते ते 1914 सालचे पुस्तक. चार्ल्स किंकेड हे सनदी नोकरीतले इंग्रज. मराठ्यांच्या इतिहासाचे, द. ब. पारसनीसांच्या जोडीने ग्रंथ लिहिणारे. यांनी आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. आदितवारची, सोमवारची, नागोबाची, दिव्यांची! आपले आटपाट नगर त्यांच्या इंग्रजीतही आटपाटच राहिले आहे. त्या पुस्तकाची चित्रेही धुरंधरांनीच काढली. विचार करा, घरोघरी बायका हातात अक्षता घेऊन ज्या कहाण्या ऐकत आल्या, त्या ज्याने विलायतेतल्या मुलांपुढे मांडल्या त्याला त्यातल्या आटपाट नगरच्या राण्यांचे लुगडे कसे नेसायचे हे काय ठाऊक? ते चित्रकाराला ठाऊक होते. त्याने घरी पाहिले होते. गोष्ट दुसऱ्याने सांगितली खरी, पण तिला नेसूचे दिले ते चित्रकाराने.

"म्हणजे मागून चालणं नाही ते," मी म्हटले. "बरोबरीनं चालणं आहे."

हे मी तिला सांगत होतो, पण शिकलो होतो ते माझ्या गरजेपोटी. माझी चौथी कादंबरी 1905 च्या आसपासच्या मुंबईत घडते. तिच्यात गिरगावातल्या चाळीत धुणीभांडी करणारी एक बाई आहे. पहिल्या प्रकरणात ती जिना चढून वर येते, आणि तिथेच माझी लेखणी अडली. ती पदर कुठे खोचते? डोक्यावरून घेते की खांद्यावरून? हातात काय असते, अंगावर काय असते? मी जुनी पुस्तके चाळली. व्हाइसरॉय कोणत्या बोटीने उतरले ते त्यांत होते, सभेला अध्यक्ष कोण होते ते होते, म्युनिसिपालिटीत कोण निवडून आले ते होते. माझ्या बाईची मात्र कोणी दखलच घेतलेली नव्हती. 2018 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. मी रात्रीच्या एस. टी. ने मुंबई गाठली. तिथल्या त्या छोट्या छोट्या चित्रांपुढे उभा राहिलो आणि माझी बाई मला भेटली. पदर, ठुशी, चालण्याची ढब, मान वळवण्याची रीत, सगळे. इतिहासाच्या ग्रंथांनी जे पानात घेतले नाही ते एका चित्रकाराने समासात टिपून ठेवले होते. मला तत्क्षणी सातवीच्या वर्गातली ती वही आठवली. आणि ते लाल शून्य.

हे मी तिला सांगितले. शून्यासकट सांगितले. पन्नाशीकडे झुकलेल्या मास्तराने विद्यार्थिनीपुढे चूक कबूल करणे आमच्या धंद्यात फारसे घडत नाही; पण ती चूक माझीच होती.

ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला आठवतंय ते. मी ती वही आईला दाखवली नव्हती." आणि लगेच विषय बदलावा तसे तिने विचारले, "गुरुजी, मग ते फक्त पुस्तकांचीच चित्रं काढत राहिले का?"

तसे नाही. त्यांनी मोठी तैलचित्रेही काढली, शिवकालातले प्रसंग रंगवले. औंधच्या संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. नवी दिल्लीच्या सचिवालयातल्या भिंतींवरही त्यांनी काम केले. सरकारने रावबहादूर केले. एका हाताने पोस्टकार्ड आणि दुसऱ्या हाताने दिल्लीची भिंत! दोन्हींखाली सही मात्र एकच. हा लहान, हा मोठा, असा पंक्तिप्रपंच त्यांनी आपल्या कामात केलेला दिसत नाही.

पंक्तिप्रपंच केला तो इतरांनी. बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांनी 1905 साली 'भारतमाता' रंगवली. स्वदेशीचे वारे वाहू लागले. विलायती पद्धतीने हुबेहूब काढलेले चित्र म्हणजे परक्यांची नक्कल, असे म्हटले जाऊ लागले. पुढे त्याहून नव्या पिढ्या आल्या, त्यांना गोष्ट सांगणारे चित्रच नकोसे झाले. 'हे काय, पुस्तकातल्या चित्रासारखं!' असे म्हणणे म्हणजे शिवी झाली. तिच्या वर्गातली मुले जी 'हमाली' म्हणतात, तिचे मूळ असे जुने आहे. 1944 साली धुरंधर वारले. त्यांच्या वाट्याला मान पुष्कळ आला, पण मोठ्या कलेच्या पंक्तीत त्यांचे पान कुठे मांडावे याबद्दल लोकांच्या मनात पुढे बराच काळ घोळ राहिला.

मला वाटले, आता गोष्ट संपली आणि बोधही झाला. पण चांगला विद्यार्थी बोधापाशी थांबत नाही. एवढा वेळ ती माझ्याकडची एक छापील प्रत चाळत होती. धुरंधरांच्या स्त्रियांच्या चित्रांची. तिने मान वर केली.

"गुरुजी, या बायकांची नावं कुठं लिहिलीत?"

मी प्रत हातात घेतली. एका चित्राखाली जात होती, एकाखाली प्रांत, एकाखाली धंदा. नाव एकाही चित्राखाली नव्हते.

"चित्र काढणाऱ्याचं नाव आहे," ती म्हणाली, "पुस्तक लिहिणाऱ्या साहेबाचं आहे. जिचं चित्र काढलं तिचंच नाही. आमच्या शाळेत भिंतीवर पाखरांचा तक्ता होता ना, तसं झालं हे. मैना, साळुंकी, पारवा."

खरे सांगतो, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि अजूनही पुरते नाही. ही पुस्तके साहेबांनी साहेबांसाठी लिहिली होती. त्यांना हिंदुस्थान म्हणजे नमुन्यांचा संग्रह वाटे; अमुक जातीची बाई अशी, तमुक जातीचा पुरुष तसा. धुरंधरांनी त्या साच्यात आपले चित्र बसवून दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी एवढेच म्हणालो की, साचा साहेबाचा असला तरी डोळा चित्रकाराचा होता. त्या चित्रांतल्या कितीतरी बायकांच्या चेहऱ्यावर असे काही आहे की ती बाई 'नमुना' म्हणून उभी राहायला तयार नाही. तिला कुठेतरी जायचे आहे, घरी पोर वाट बघते आहे. ते साहेबाने मागितले नव्हते. ते धुरंधरांनी पदरचे घातले.

"पण नाव नाही," ती म्हणाली.

"नाव नाही," मी मान्य केले.

मग मी तिला दीनानाथ दलालांचे सांगितले. 1916 साली गोव्यात जन्मलेला हा माणूस मुंबईला आला, पुस्तकांची वेष्टणे आणि मासिकांची चित्रे काढू लागला. आणि दुसऱ्यांच्या मासिकांत किती दिवस काढायची म्हणून 1945 साली त्यांनी स्वतःचाच 'दीपावली' काढला. 1971 साली ते गेले, पण ज्या घरांत चित्रकलेचे नाव कोणी काढले नसते त्या घरांत दलालांची चित्रे दिवाळी अंकातून पोचली होती. दुसऱ्याच्या गोष्टीला चित्र काढणारा माणूस आपला अंक काढू शकतो, गोष्ट कोणाची घ्यायची हे स्वतः ठरवू शकतो. धुरंधरांना जे दार उघडे नव्हते ते दलालांनी उघडले. आणि तिच्यापुढे कदाचित आणखी एखादे असेल, जे मला दिसत नाही.

ती उठली तेव्हा जेवणवेळ झाली होती. बायकोने आग्रह केला, पण ती थांबली नाही. बाबांना टपरीवर सोडायला जायचे म्हणाली. दोन पाने मी लिहून दिली नाहीत, आणि तिनेही पुन्हा मागितली नाहीत.

चार दिवसांनी, मुंबईची गाडी पकडण्याआधी, ती धावतपळत येऊन स्वतः लिहिलेली दोन पाने दाखवून गेली. त्यांत तैलरंग नव्हते. लिहिले होते ते थोडक्यात असे: मी आमच्या स्टँडावरच्या माणसांचे पुस्तक करणार. प्रत्येक चित्राखाली त्या माणसाचे नाव, गाव आणि त्याने सांगितलेली त्याची गोष्ट त्याच्याच बोलीत येईल. ज्याला आपले नाव नको असेल त्याचे चित्र मी छापणार नाही. पहिली तीन वर्षे कुठल्यातरी शाळेत चित्रकला शिकवून पोट भरीन आणि सुटीत हे काम करीन. इतर लेखकांच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढीन, पण आधी पुस्तक वाचीन आणि मग हो म्हणेन. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाच्या नावाखाली माझे नाव असले पाहिजे.

हे शेवटचे वाचताना मी चपापलो. माझ्या चार कादंबऱ्या निघाल्या. चारींची वेष्टणे कोणीतरी रंगवली. ती गेल्यावर मी कपाटातून चारी पुस्तके काढली आणि पहिली पाने पाहिली. दोहोंवर चित्रकाराचे नाव होते, दोहोंवर नव्हते. इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. पाचवी कादंबरी निम्मी लिहून झाली आहे. ती छापायला जाईल तेव्हा आधी तिला वाचायला पाठवीन. ती हो म्हणते की नाही, ते तिच्यावर आहे.

तिच्या पानांत एका ठिकाणी 'स्थानिक'मधला 'नि' दीर्घ पडला होता. जुन्या सवयीने खिशातले लाल पेन काढून मी तो ऱ्हस्व केला. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. समासात तिने एक छोटेसे चित्र काढले होते: खुर्चीत बसून वही तपासणारा, चष्मा नाकावर घसरलेला कोणी मास्तर. खाली नाव लिहिलेले होते. माझेच.